टेबलटॉप भूमिकाखेळांतील बचावाचे घरचे नियम

मेजाभोवती बसून फासे, कागद आणि कल्पनाशक्ती यांच्या आधारे खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांत लढाईचे प्रसंग वारंवार येतात. अशा प्रसंगी शत्रूचा वार शस्त्राने अडवणे, ढालीवर झेलणे किंवा अंग चोरून चुकवणे या क्रियांसाठी खेळाडूंचा एखादा गट नियमपुस्तकात स्वतःपुरती जी भर घालतो किंवा जे बदल करतो, त्यांना बचावाचे घरचे नियम म्हणतात. खेळाडूंमध्ये ते ‘हाउस रूल’ या नावानेच अधिक ओळखले जातात. असे नियम खेळाच्या जन्मापासूनच होत आले आहेत. त्यांतील काही पुढे छापील नियमपुस्तकांत शिरले, तर काहींच्या पोटी स्वतंत्र खेळच जन्माला आले.

संज्ञा

बचावाच्या तीन क्रियांसाठी मराठीत वेगवेगळे शब्दप्रयोग पूर्वीपासून आहेत : वार चुकवणे, वार ढालीवर घेणे आणि वार शस्त्राने अडवणे. खोटा वार दाखवून प्रतिस्पर्ध्याला फसवण्याच्या क्रियेला हूल देणे म्हणतात, तर उभे राहण्याच्या ढबीला पवित्रा. महाराष्ट्रातील मर्दानी खेळांत फरी-गदका हा प्रकार आहे. त्यात एका हातात फरी, म्हणजे लहान ढाल, आणि दुसऱ्या हातात गदका, म्हणजे चामडे मढवलेली काठी असते. वार करणे आणि वार घेणे हे तेथे एकाच चालीचे दोन भाग असतात. भूमिकाखेळांच्या नियमांत मात्र या दोन भागांची फारकत झालेली दिसते, आणि घरच्या नियमांचा बहुतांश खटाटोप ती सांधण्यासाठीच असतो.

या लेखात खेळ चालवणाऱ्या व्यक्तीस सूत्रधार आणि लढाईतील एका आवर्तनास फेरी असे म्हटले आहे.

पार्श्वभूमी

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ इ.स. १९७४ मध्ये प्रकाशित झाला. त्याची मुळे गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या ‘चेनमेल’ (इ.स. १९७१) या मध्ययुगीन युद्धखेळाच्या नियमांत होती. नव्या खेळात बचाव ही स्वतंत्र क्रिया नव्हती. प्रत्येक पात्राला ‘आर्मर क्लास’ नावाचा एक आकडा असे. चिलखत आणि ढाल यांवरून तो ठरे. हल्ला करणाऱ्याने वीस बाजूंचा फासा टाकायचा, आवश्यक तेवढे दान पडले तर वार लागला, न पडले तर चुकला. ज्याच्यावर वार होत आहे त्या खेळाडूने त्या क्षणी काहीही करायचे नसते.

ही रचना निष्काळजीपणातून आलेली नव्हती. आरंभीच्या नियमांत लढाईची एक फेरी एका मिनिटाची मानली जात असे. एका मिनिटात दोन योद्धे अनेकदा हूल देतील, अनेक वार अडवतील, मागे सरतील, पुन्हा भिडतील. फाशाची एक फेक ही त्या सगळ्या झटापटीचा निष्कर्ष होय, एका विशिष्ट वाराचे चित्र नव्हे, अशी त्यामागची भूमिका होती. गायगॅक्स यांनी इ.स. १९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये तिचे सविस्तर समर्थन केले. तर्क म्हणून ती आजही टिकण्याजोगी आहे. अडचण अशी की मेजाभोवतीच्या खेळाडूला एक मिनिट दिसत नाही, त्याला तलवार दिसते. “राक्षसाने कुऱ्हाड उगारली आहे” असे सूत्रधाराने म्हटले की “मी ती अडवतो” हे शब्द आपसूक तोंडून निघतात. त्यावर “अडवणे तुझ्या आर्मर क्लासमध्ये धरलेलेच आहे” असे उत्तर मिळाले, तर ते बरोबर असले तरी खेळाडूचे समाधान होत नाही.

म्हणूनच वार अडवण्याचा नियम मागच्या दाराने परत येत राहिला. ‘चेनमेल’मधील समोरासमोरच्या द्वंद्वात सहा बाजूंचे दोन फासे टाकत आणि अडवणाऱ्याला हल्लेखोराच्या बेरजेतून २ वजा करता येत. इ.स. १९७७ मध्ये जे. एरिक होम्स यांनी नवशिक्यांसाठी संपादित केलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पुस्तकातही वार अडवल्यास २ वजा करण्याचाच नियम आहे. आकडा तोच राहिला, फासे मात्र बदलले होते. दोन फाशांवर ८ किंवा अधिक बेरीज हवी असेल तर यशाची शक्यता सुमारे ४२ टक्के असते; २ वजा केल्यावर प्रत्यक्षात १० पडावे लागतात आणि ती सुमारे १७ टक्क्यांवर येते. वीस बाजूंच्या एका फाशावर २ वजा केल्याने शक्यता केवळ १० टक्के-बिंदूंनी घटते. पहिल्या खेळात अडवणे हा जीव वाचवणारा निर्णय होता. दुसऱ्यात त्यासाठी आपला वार गमावणे क्वचितच परवडे. दुसऱ्या खेळातील नियम आपल्या खेळात जसाच्या तसा उचलणाऱ्यांची हीच चूक आजही सर्वाधिक आढळते.

इ.स. १९८९ च्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या दुसऱ्या आवृत्तीत हा नियम ऐच्छिक म्हणून आला. त्या फेरीतील सर्व हल्ले सोडून देणाऱ्या पात्राचा आर्मर क्लास त्याच्या पातळीच्या निम्म्याने सुधारे, आणि योद्धा असल्यास आणखी एकाने.

रूनक्वेस्ट

घरच्या नियमांतून स्वतंत्र खेळ उभा राहिल्याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘रूनक्वेस्ट’. स्टीव्ह पेरिन हे कॅलिफोर्नियातील बर्कली येथे इ.स. १९६६ मध्ये सुरू झालेल्या ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रोनिझम’ या संस्थेच्या आरंभीच्या सदस्यांपैकी होते. या संस्थेचे सदस्य चिलखत घालून वेताच्या तलवारींनी खरोखर लढतात. ज्याने ढालीवर वार घेतला आहे, त्याला बचाव हा केवळ एक स्थिर आकडा आहे हे पटणे कठीणच. पेरिन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’साठी तयार केलेले लढाईचे घरचे नियम ‘पेरिन कन्व्हेन्शन्स’ या नावाने ओळखले जाऊ लागले. पुढे पेरिन, रे टर्नी आणि सहकाऱ्यांनी रचलेला ‘रूनक्वेस्ट’ इ.स. १९७८ मध्ये केऑसियम या कंपनीने प्रकाशित केला.

यात प्रत्येक शस्त्रासाठी हल्ल्याचे आणि अडवण्याचे कौशल्य टक्क्यांत वेगवेगळे मोजले जाई. हल्लेखोराने शंभराच्या फाशांवर आपल्या टक्केवारीइतके किंवा त्याहून कमी दान टाकले की बचाव करणारा आपली फेक करी. चिलखत येथे वार चुकवत नसे, तर लागलेल्या वारातील काही इजा शोषून घेई. ढालही ठरावीक मर्यादेपर्यंतची इजा स्वतःवर घेई आणि उरलेली मागच्या माणसापर्यंत पोहोचे. ‘न लागणे’, ‘अडवले जाणे’ आणि ‘लागूनही न भिनणे’ या तीन वेगळ्या घटना प्रथमच स्पष्टपणे वेगळ्या झाल्या. पुढील बहुतेक सर्व घरचे नियम, जाणता-अजाणता, याच विभागणीवर उभे आहेत.

निष्णातांची कोंडी

हल्ला आणि बचाव यांच्या स्वतंत्र फेका ठेवल्या की एक विचित्र परिणाम घडतो. दोन नवशिके लढत असून प्रत्येकाचे हल्ल्याचे आणि अडवण्याचे कौशल्य ५० टक्के आहे असे समजू. वार लागण्यासाठी हल्ला साधला पाहिजे आणि अडवणे फसले पाहिजे. म्हणजे शक्यता ५० टक्क्यांच्या निम्मी, २५ टक्के. सरासरी चार वारांत एक लागतो. आता दोन्ही बाजूंना ९० टक्के कौशल्याचे उस्ताद ठेवले, तर हल्ला जवळपास दर वेळी साधतो, पण दहांपैकी नऊ वेळा अडवला जातो. वार लागण्याची शक्यता ९ टक्के होते, म्हणजे सरासरी अकरा वारांत एक. विशेष यशाचे नियम येथे हिशेबात घेतलेले नाहीत. ७० टक्क्यांवर ही शक्यता २१ टक्के असते. म्हणजे पात्रे जसजशी तरबेज होतात तसतशी लढाई लांबत जाते. उस्तादांचे द्वंद्व लांबणे कादंबरीत शोभते. मेजावर मात्र अर्धा तास “लागला – अडवला, लागला – अडवला” एवढेच ऐकू येते.

जर्मनीत इ.स. १९८४ पासून प्रकाशित होत असलेल्या ‘डास श्वार्त्से आउगे’ या लोकप्रिय खेळातही हल्ला आणि अडवणे यांसाठी वीस बाजूंच्या फाशाची स्वतंत्र फेक होती, आणि तेथेही हीच कोंडी झाली. इ.स. २०१५ च्या पाचव्या आवृत्तीत अडवण्याचे मूल्य शस्त्रकौशल्याच्या निम्म्यावर आधारण्यात आले.

स्टीव्ह जॅक्सन यांच्या ‘गर्प्स’ (इ.स. १९८६) या खेळात हा उपाय आधीपासून होता. चौथ्या आवृत्तीत (इ.स. २००४) अडवण्याचे मूल्य कौशल्याच्या निम्मे अधिक ३ असते आणि सहा बाजूंच्या तीन फाशांची बेरीज त्याइतकी किंवा त्याहून कमी पडावी लागते. १४ कौशल्याच्या योद्ध्याचे मूल्य १० येते, म्हणजे नेमके ५० टक्के यश. २० कौशल्याच्या उस्तादाचे मूल्य १३ होते आणि तो सुमारे ८४ टक्के वार अडवतो. कोंडी येथेही उरतेच, पण तिच्यावर एक सुंदर तोड आहे. हल्लेखोर स्वतःच्या कौशल्यातून २ वजा करण्यास तयार असेल तर प्रतिस्पर्ध्याचा बचाव १ ने घटतो. २० कौशल्याचा माणूस ४ वजा करून १६ वर आला तरी त्याचा वार सुमारे ९८ टक्के साधतो, कारण १७ आणि १८ ही दाने त्याला तसेही अपयशच देत होती. प्रतिस्पर्ध्याचे मूल्य मात्र १३ वरून ११ होते आणि वार लागण्याची एकूण शक्यता १६ टक्क्यांवरून जवळपास ३७ टक्क्यांवर जाते. जास्तीचे कौशल्य वाया न जाता फसव्या वारात खर्च होते. नवशिक्याकडे असे जास्तीचे कौशल्य नसल्याने त्याला हा डाव परवडत नाही, आणि हे वास्तवालाही धरून आहे. स्वतंत्र फेकांचा घरचा नियम करणाऱ्या गटाने उचलावी अशी एकच गोष्ट सांगायची झाली तर ती ही.

प्रचलित घरचे नियम

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणि त्याच्या वळणाचे खेळ सर्वाधिक खेळले जात असल्याने घरचे नियमही त्यांसाठीच अधिक आढळतात. त्यांतील सर्वांत सोपा म्हणजे आर्मर क्लासमधील स्थिर १० च्या जागी बचाव करणाऱ्याने वीस बाजूंचा फासा टाकणे. हल्लेखोराचा अधिकांक ५ आणि आर्मर क्लास १५ असेल तर मूळ नियमाने ५५ टक्के वार लागतात. दोघांनी फासे टाकल्यास आणि बरोबरी हल्लेखोराची मानल्यास ५२.५ टक्के. फरक नगण्य वाटतो, पण तो टोकांना उघड होतो. मूळ नियमाने ज्याला २० च पडायला हवेत अशा दुबळ्या हल्लेखोराची शक्यता ५ टक्के असते. दोन फाशांनी ती १३.७५ टक्के होते. जाड चिलखतासाठी ज्याने सगळी पुंजी खर्च केली, त्याचे हे नुकसान आहे, आणि ते सहसा तीन-चार बैठकांनंतर त्याच्या लक्षात येते.

दुसऱ्या प्रकारात शत्रूच्या वतीने सूत्रधार फासा टाकतच नाही. खेळाडू स्वतःच्या बचावाची फेक करतो. हल्लेखोराचा अधिकांक हे लक्ष्य ठरवण्याचे साधन होते. येथे एक बारीक सापळा आहे. ‘अधिकांक अधिक १०’ हे लक्ष्य स्वाभाविक वाटते, पण वरील उदाहरणात त्याने वार लागण्याची शक्यता ५५ वरून ४५ टक्क्यांवर येते. बरोबरी बचाव करणाऱ्याची धरली तर मूळ शक्यता राखण्यासाठी अधिकांकात १२ मिळवावे लागतात. वीस बाजूंच्या फाशाची सरासरी १०.५ आहे आणि मूळ नियमात बरोबरी हल्लेखोराकडे होती, या दोन गोष्टींमुळे हे दोन अंश वाढतात. हिशेब जमला तर हा नियम वेळ न वाढवता खेळाडूच्या हाती फासा देतो. तक्रार मुळात “माझ्यावर वार होत असताना मी नुसता बसून असतो” अशीच असेल, तर याहून स्वस्त उपाय सापडणे कठीण.

इ.स. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत प्रत्येक पात्राला फेरीत एक ‘रिअ‍ॅक्शन’, म्हणजे दुसऱ्याच्या कृतीवर तत्काळ करावयाची प्रतिक्रिया मिळते. तिचा वापर करून वार अडवण्याचा घरचा नियम फार लोकप्रिय आहे : लागलेल्या वारावर बचाव करणारा आपली हल्ल्याची फेक करतो, आणि ती हल्लेखोराच्या बेरजेइतकी किंवा अधिक आली तर वार रद्द होतो. दोघांचेही अधिकांक ५ धरले, तर १८ आर्मर क्लासच्या पात्राला वार लागण्याची शक्यता ४० वरून ३१ टक्क्यांवर येते, आणि १३ आर्मर क्लासच्या पात्राला ६५ वरून सुमारे ४२ टक्क्यांवर. नियम सर्वांना सारखा असूनही लाभ हलक्या चिलखताला अधिक होतो. नाचऱ्या तलवारबाजांची गोष्ट रंगवायची असेल तर तो इष्टच आहे. न ठरवता झाला तर नाही.

याहून नाजूक प्रश्न न्यायाचा आहे. याच आवृत्तीत ‘डिफेन्सिव्ह ड्युएलिस्ट’ ही निवड करणारे पात्र प्रतिक्रिया खर्चून आर्मर क्लास वाढवते, ‘बॅटल मास्टर’ योद्धा अडवण्याचा डाव शिकून इजा घटवतो आणि चोर वर्गाचे पात्र पाचव्या पातळीवर इजा निम्मी करण्याची युक्ती मिळवते. यांपैकी प्रत्येकाने त्यासाठी दुसरे काहीतरी सोडलेले असते. सर्वांना वार अडवणे फुकट दिले की या तिघांची मिळकत एका रात्रीत स्वस्त होते. घरच्या नियमांवरून होणारे वाद बहुधा वास्तवाबद्दल असल्यासारखे सुरू होतात, पण त्यांच्या मुळाशी हे असते.

स्वतःचा वार सोडून बचाव करण्याचे नियम मूळ पुस्तकांतही आहेत. पाचव्या आवृत्तीत वार चुकवण्याची क्रिया निवडल्यास हल्लेखोर दोन फासे टाकून त्यांतील कमी दान घेतो. ५५ टक्क्यांची शक्यता त्याने सुमारे ३० टक्के होते. तरीही एकास एक द्वंद्वात ही क्रिया फारशी कामाची नाही. वार कमी लागतात खरे, पण शत्रूची शक्तीही घटत नाही आणि पुढची फेरी तेथूनच सुरू होते. तिचे मोल सोबती असताना कळते : एकाने दार अडवून धरायचे आणि मागच्यांनी बाण सोडायचे.

फेकांची संख्या

बचावाचा कोणताही नियम वेळ खातो. चार शत्रूंनी एकावर हल्ला केल्यास मूळ नियमाने चार फेका पुरतात. प्रत्येक वार अडवू दिला तर त्या आठांपर्यंत जातात, आणि चिलखताची वजाबाकी वेगळी. म्हणून टिकलेल्या नियमांत मर्यादा असतेच. पाचव्या आवृत्तीत फेरीत एकच प्रतिक्रिया मिळते. ‘गर्प्स’मध्ये एकाच शस्त्राने पुन्हा अडवताना दर वेळी ४ वजा होत जातात, आणि हलक्या द्वंद्व-तलवारींना ही सूट देऊन २ च. त्यामुळे अनेकांनी एकाला घेरणे नियमातच धोकादायक ठरते. त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागत नाही.

काही खेळांनी दोन फेकांचा प्रश्नच मिटवला. ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ (इ.स. १९७५) मध्ये दोन्ही बाजू आपापल्या फाशांची बेरीज करतात आणि फरकाएवढी इजा हरणाऱ्याला होते. ग्रेग स्टॅफर्ड यांच्या ‘पेंड्रॅगन’ (इ.स. १९८५) मध्ये दोन्ही सरदार एकाच वेळी वीस बाजूंचा फासा टाकतात, आपल्या कौशल्याच्या आत राहून ज्याचे दान मोठे तो वार करतो, आणि हरलेल्याची फेकही कौशल्याच्या आत असेल तर त्याची ढाल काही इजा अडवते. ‘रोलमास्टर’मध्ये योद्धा आपल्या हल्ल्याच्या गुणांतील हवा तेवढा भाग दर फेरीला बचावाकडे वळवतो. जेक नॉरवूड यांच्या ‘द रिडल ऑफ स्टील’ (इ.स. २००२) मध्ये खेळाडूकडे फाशांचा एक साठा असतो आणि त्यातील किती हल्ल्यासाठी खर्चायचे व किती बचावासाठी राखायचे हे तोच ठरवतो. दोघांनीही सगळे फासे हल्ल्यात ओतले तर दोघेही मरू शकतात. हे कळायला नवख्याला सहसा एकच लढाई लागते.

ढालीचे बलिदान

जुन्या आवृत्त्यांकडे परतलेल्या खेळाडूंमध्ये एक अगदी छोटा नियम पसरला. ढाल बाळगणाऱ्या पात्राला वार लागल्यावर त्याने “ढाल फुटली” असे म्हणायचे; त्या वाराची इजा शून्य होते आणि ढाल कायमची जाते. यात जादा फेक नाही, गणित नाही, आणि निर्णय मात्र खरा आहे, कारण आत्ता ढाल गमावली तर पुढची सगळी लढाई तिच्याविना लढावी लागेल. जुन्या नियमांत ढालीने आर्मर क्लास जेमतेम एकाने सुधारत असे, त्यामुळे ती घेण्याला प्रथमच वजनदार कारण मिळाले. खेळाडूंनी लगेच पाठीवर चार-चार ढाली बांधून यायला सुरुवात केली, हे ओघाने आलेच. बहुतेक गट त्यावर एक जादा ढालीची मर्यादा घालतात किंवा ओझ्याचा नियम काटेकोर पाळतात. नवी ढाल हाती घेण्यात एक फेरी जाते असे ठरवणे हा तिसरा मार्ग, आणि लढाईच्या गर्दीत तोच अधिक पटतो.

‘पाथफाइंडर’च्या दुसऱ्या आवृत्तीत (इ.स. २०१९) याच्याशी मिळतीजुळती कल्पना मूळ नियमांतच आहे. ढाल पुढे धरण्यासाठी फेरीतील तीन क्रियांपैकी एक खर्च करावी लागते, त्याने आर्मर क्लास सहसा २ ने वाढतो, आणि ज्याला ती युक्ती अवगत आहे तो वार लागल्यावर ढाल मध्ये घालून तिच्या कठीणपणाएवढी इजा टाळू शकतो. लाकडी ढालीसाठी हा आकडा ३ तर पोलादी ढालीसाठी ५ आहे. उरलेली इजा ढाल आणि ती धरणारा या दोघांनाही होते, आणि फार सोसल्यावर ढाल मोडते.